कुळाची नोंद

अवसेची सुकती. कोळंबच्या खाडीत पाणी इतकं ओसरलेलं
की पुलाच्या खांबांचे घोटे दिसतात.
भागू मेतर ओणवी होऊन चिखल चाचपते,
तिसरा हाताला लागला की न बघताच टोपलीत.
एकच तेवढा कानाशी नेऊन हलवते
आणि माझ्या तळहातावर ठेवते:
"ह्यो रिकामो. कोणतरी आधी जेवान गेलो."

शिंपल्याच्या खांद्याशी एक भोक. गोल.
कडा आत उतरत गेलेल्या,
सुतार स्क्रूचं डोकं बसायला जागा करतो तशा.

मी कॉलेजातला प्रयोगशाळा-सहायक. एकतीस वर्षं
बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या.
संघ मृदुकाय, वर्ग उदरपाद, कुळ नॅटिसिडी,
खाली प्रजाती, त्याखाली जाती.
जेवून गेला तो कोण, मला ठाऊक आहे.

डोळे असून नसल्यासारखे.
पाय हाच देह: पाणी पिऊन फुगलेला,
शंखात मावेल असं वाटूच नये एवढा.
पायाचाच पदर डोक्यावरून घेऊन
वाळूच्या खालून चालतो,
सावज सापडलं की पायातच गुंडाळतो.
मग सोंड. सोंडेच्या टोकाखाली एक बारीक गादी,
ती आम्ल लावते, कवच भिजत ठेवते.
मग जीभ, कानशीसारखी:
रांगेत सात दात, रांगेमागे रांग.
खरवडते. थांबते. पुन्हा गादी.
कधी दिवस जातो, कधी दोन, घाई नाही.
दार लावून बसलेल्या तिसऱ्याला
आतून काय ऐकू येत असेल?

कुळात कुणी कुठे बसायचं, ते मात्र
भुकेवरून ठरत नाही, भोकावरूनही नाही.
बघायची ती बेंबी.
शंखाच्या पोटाशी असतो तो खळगा:
उघडा, की अर्धा बुजलेला,
की वर चुन्याचं बटण, बटणावर एक चीर.
आणि दाराचं झाकण. चुन्याचं असलं तर एक उपकुळ,
नखासारखं, तपकिरी, वाकणारं असलं तर दुसरं.
झाकण हरवलेला एक नमुना
बावीस वर्षं माझ्या कपाटात आहे,
चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह.

भागूला हे सांगितलं. ती हसली नाही.
"माझ्या चेडवाच्या दाखल्याक सात खेपा घातलंय.
हेंची जात बेंबी बघून कळता?"
मी गप्प. 'जाती' हा शब्द
प्रत्येक बरणीवर माझ्याच अक्षरात आहे.

पलीकडे पुळणीवर वाळूची एक पट्टी,
फुटक्या मडक्याच्या गळ्यासारखी.
पोरं पायाने तुडवतात, प्लास्टिक समजून.
तिच्यात अंडी आहेत, कणाकणाआड.
आईने वाळूत लाळ कालवली,
स्वतःभोवती एक फेर लिंपला
आणि ती निघून गेली.

एकदा एक शंख आला, गुळगुळीत, ठिपक्यांचा,
त्याच्याच अंगावर तेच उतरत्या कडांचं भोक.
बाजूला वाळूत जिवंत सापडलेला दुसरा,
तसाच ठिपक्यांचा.
दोन बरण्या. चिठ्ठी एकच,
मी दोनदा लिहिली.

आमच्याकडे कुळ म्हणजे
दुसऱ्याची जमीन कसणाराही. बाप तोच होता.
सातबाऱ्यावर त्याचं नाव चढलं
तेव्हा हात धरून सही करवून घ्यावी लागली.
रिकाम्या शंखात राहायला आलेला खेकडा दिसला
की मी उगीच विचारतो, काय रे, नोंद झाली का?
तो पाय आत ओढतो.

पाणी भरू लागलं. भागू कंबर धरून सरळ झाली.
शेवटचा तिसरा तिने उलटा करून पाहिला:
भोक अर्ध्यावर सोडलेलं,
आतून चुन्याचा पातळ थर चढलेला, कवाडं घट्ट.
मी म्हटलं, हा जिवंत आहे.
कुणीतरी आलं असेल मध्येच. लाट, मासा, काहीही.

"वाचलो तर," भागू म्हणाली,
आणि त्याला टोपलीत टाकला.