डाव्या जबड्याखाली

पहिल्यांदा चिंचोक्याएवढी होती.
मी म्हटलं, गोचीड असेल,
माझगावच्या गोदामांत गोचिडांना काय तोटा.
चार दिवसांत सुपारी, मग लिंबू,
आणि सातव्या दिवशी पहाटे, पट्टा चढवताना,
रेशमीने आयुष्यात पहिल्यांदा मला दात दाखवले.
चावली नाही. दाखवले फक्त,
आणि मग स्वतःच ओशाळून
माझा बूट चाटत बसली.

रजिस्टरात लिहिलं: श्वान क्रमांक सात, गळू, डावा जबडा.
परळला डॉक्टर खंबाटांनी चीर दिली.
वाटीभर पू, आणि वास असा
की मदतनीस पोरगा खिडकीशी गेला.
रेशमी मात्र नाक वळवून हुंगत होती
स्वतःच्याच आतला माल,
नोंद घेतल्यासारखी.

महिन्याने पुन्हा. तिथेच.
मग मे महिन्यात पुन्हा, दोन बोटं खाली.
गोळ्या संपल्या की दहा दिवस बरे जातात
आणि अकराव्या दिवशी माझ्या अंगठ्याला कळतं.

आई म्हणाली, कांदा भाजून बांध, वर हळद.
वाघधरे म्हणाला, त्याच्या मामाच्या कुत्र्याचंही
असंच सुरू झालं होतं. पुढचं बोलला नाही.
साहेबांनी फाइलवरची मान न उचलता विचारलं,
"वास येतो ना तिला? मग?"
येतो, सर.
खरंच येत होता.
त्याच आठवड्यात तिने सुक्या बोंबलांच्या गोणींखालचं
पुडकं दाखवलं. तीन माणसं चालून गेली होती त्याच्यावरून.
ती बसली, शिकवल्यासारखी, शांत,
गाल एका बाजूला फुगलेला,
विडा धरल्यासारखा.

फोटो उजवीकडून काढला.

चौथ्या वेळी खंबाटाबाई चिडल्या. माझ्यावर नाही,
पण मला तसंच वाटलं.
"वरून बरं दिसलं की तुम्ही सगळे खूश.
कातडी लबाड असते, लगेच दार लावून घेते.
आत कुणीतरी बसलंय."
भूल दिली. मी तिचा पुढचा पाय धरून उभा,
धरायची गरज नव्हती.
चिमटा आत गेला, वळला, थांबला,
आणि एक काडी घेऊन बाहेर आला.
पेटीच्या लाकडाची. माझ्या नखाएवढी, काळी पडलेली.

कुठल्या पेटीची?
मी "शोध" म्हटलं असेन,
तिने फटीत तोंड खुपसलं असेल,
आणि त्याबद्दल तिला बिस्कीट मिळालं असेल.
मी जुनी रजिस्टरं चाळून बघितली.
तो जो कुठला दिवस होता,
त्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात "निरंक" आहे.

जखम शिवली नाही.
"आतून भरू द्या," बाई म्हणाल्या, आणि एक रबरी नळी ठेवली.
मी कोमट मिठाच्या पाण्याने धूत राहिलो.
रोज तिची कड मिटायला बघायची,
रोज मी ओल्या कापसाने ती उघडायचो.
बरं होणारं अंग आपल्याच हाताने
पुन्हा पुन्हा उघडायचं, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.
ती कण्हायची. मी आईच्या मालवणीत बोलायचो,
वायच थांब गो, झाला, झाला.
झालेलं नसायचं.

आता साडेतीन महिने झाले.
काडी औषधाच्या बाटलीत आहे, कपाटात.
बायको म्हणते टाक. मी टाकत नाही.
पहाटे पट्ट्याआधी अंगठा आपोआप जातो
डाव्या जबड्याखाली, जिथे केस आखूड
आणि उलट्या दिशेने उगवलेत.
न सांगता ती मान वर करून देते,
डोळे धक्क्याकडे,
क्रेनवरून नव्या पेट्या उतरत असतात.
मी चाचपतो.
मग उजवी बाजू. मग काखा. मग पंजे, एकेक बोट.
वाघधरे जीपमधून हॉर्न देतो,
उशीर होतोय.
होऊ दे.