शेरा

फडके हौदाजवळ, तसबिरींच्या दुकानावर
आमच्या संस्थेची खोली. जिना अरुंद.
'डोके सांभाळा' अशी पाटी आहे,
संस्थेचं नाव त्याखाली, उरलेल्या जागेत मावलं तेवढं.
भाडं अडीच हजार. एक कपाट, एक पंखा,
जंताच्या गोळ्यांची खोकी,
देणगीत आलेल्या पाट्या, निम्म्या तडकलेल्या,
आणि मी. टेलिफोन खात्यातून निवृत्त,
आकडे नीट काढते म्हणून खजिनदार.

दुसऱ्या शनिवारी पहाटे विल्सन घोरपडीहून गाडी आणतो.
डॉक्टर नाझनीन पुलगेटला चढतात,
वजनकाटा मांडीवर घेतात, तान्हं मूल घ्यावं तसा.
खडकवासला, डोणजे, पानशेत. मग लाँच.
मग दीड तास चढ.
धरणाकडे बघून विल्सन दर वेळी म्हणतो,
"मॅडम, आपल्या नळाला हेच येतं ना?"
दर वेळी आम्ही हो म्हणतो. पुढे कोणी बोलत नाही.

वाडीत अकरा घरं, मुलं एकोणीस.
शिकवायला मंदा, तिथलीच सून, बारावी नापास,
पण तिची पोरं पाढे असे म्हणतात
की म्हशी मान वळवून बघतात.

चिमी मरगळे. वय, आईच्या मते सात,
चुलतीच्या मते, वीज पडून खोंड गेला त्या साली झाली.
जूनमध्ये वजन चौदा दोनशे.
ऑगस्टमध्ये चौदा दोनशे.
ऑक्टोबरात काटा पुसला, सपाट फरशी शोधली,
चौदा दोनशे.
मी उसासा टाकला असेन. आठवत नाही.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: वाढ नाही.

डिसेंबरात चौदा नऊशे!
विल्सनने टाळी वाजवली.
मी नवाचा आकडा जरा मोठाच काढला.
अहवालातली ओळ मनात जुळलीसुद्धा;
हिंजवडीच्या कंपनीला आलेख लागतो, वर जाणारा.

चिमी काट्यावरून उतरली ती हळू,
भरलेला हंडा उतरवावा तशी,
स्कर्टच्या खिशावर हात दाबून.
डॉक्टरांनी नुसतं बघितलं तिच्याकडे.
सात खडे. ओढ्यातले, गुळगुळीत, धुतलेले.

कोणी रागावलं नाही. मंदाने पदर तोंडाला लावला.
"का गं?"
चिमी माझ्याकडे नाही, वहीकडे बघत म्हणाली,
"आकडा त्योच आला की तुमी गप व्हता."

आकडे आम्हीच शिकवले होते.
जूनमध्ये तिला काट्यावरचं काही वाचता येत नव्हतं.
ऑक्टोबरात आलं. चौदा, मग टिंब, मग दोन.
याला आमच्या वहीत रकाना नाही.

पुन्हा वजन. चौदा तीनशे.
"शंभर ग्रॅम खरे," डॉक्टर म्हणाल्या,
आणि ससूनची चिठ्ठी लिहिली.
आईने चिठ्ठीची बारीक घडी केली, विचारलं,
तिकडं दोन दिस ऱ्हायचं, तर धारा कोण काढंल?
औषधांच्या खोक्यात त्यावर काही नव्हतं.

लाँचमध्ये मी नऊशे खोडले.
आमच्या ऑडिटरना, गुजरांना, खाडाखोड चालत नाही,
शेजारी सही लागते. केली.
शेऱ्याची जागा मात्र तशीच राहिली.

खडे माझ्या पिशवीतून पुण्यात आले.
तिने दिले की मी मागितले, ते विचारू नका.
खालच्या वाण्याकडे तोलले: सहाशे दहा.
वरचे दहा ग्रॅम कुठले, कळलं नाही.
आता ते पंख्याखाली पावत्या धरून बसतात.

मार्चमध्ये गुजरांनी एक उचलला.
"हे कोणत्या खात्यात?"
मी म्हटलं, देणगी. वस्तुरूप.
"मग पावती?"
ते गंमत करत होते. मी फाडली.
कु. चिमी मरगळे यांजकडून, खडे, नग सात.
तिला वाचता येईल, 'यांजकडून' सोडलं तर.

उद्या दुसरा शनिवार.
पावती पर्समध्ये आहे.
ससूनची तारीख केव्हाच उलटून गेली.