नवव्या पिंपाचा अहवाल

देब्रेत्सेनच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला. सात पानं.
गेल्या हिवाळ्यात जी मुलगी माझ्या तळघरात
नवव्या पिंपाच्या तोंडाशी वाकून
कापसाच्या बोळ्यानं फेस टिपून घेऊन गेली,
तिनं, एमोकेनं, शेवटी पेनानं लिहिलंय :
बेर्तालान काका, पिंप धुऊ नका.

धुतोय कशाला.
थंडी पडली की बाकीची आठ पिंपं
डिसेंबरातच मुकी होतात.
हे मार्चपर्यंत पुटपुटत असतं.

चष्मा लावून वाचता येईल तेवढं वाचलं.
आतलं किण्व, म्हणे, एका जातीचं नाही.
एक दारूतलं मुरलेलं,
चौदा टक्क्यांतही शुद्धीवर राहणारं.
दुसरं रानातलं, ओकच्या सालीवरचं,
गारठ्यात हातपाय न गाळणारं.
कधीतरी दोन पेशी भेटल्या.
कधी? मी फोनवर विचारलं.
दोनशे वर्षं झाली असतील, म्हणाली,
किंवा तुमच्या वडिलांच्या वेळी.
मुहूर्त कुणी लिहून ठेवला नाही.

पहिल्याची सोळा गुणसूत्रं, सगळी शाबूत.
दुसऱ्याचीही सोळाच आली असणार,
आता तेरा उरलीत.
आणि अकरावं (इथे तिनं लाल रेघ ओढलीय)
अर्धं याचं, अर्धं त्याचं, मध्ये सांधा.

तीन गेली कुठे?
गेली नाहीत काका, गळली.
एकाच कामाला दोघं असले
की एकावर भागतं.

हे मला कळलं.
युस्तीना सीमेपलीकडून लग्न होऊन आली
तेव्हा स्वयंपाकघरात सगळंच दोन दोन झालं :
दोन किसण्या, दोन लाटणी,
खसखस दळायची दोन यंत्रं,
जेवणाआधीच्या दोन प्रार्थना.
कुणी काही टाकून दिलं नाही.
माझ्या आईची किसणी गंजली,
तिच्या लाटण्याची मूठ निसटली,
माझी प्रार्थना कधी थांबली, आठवत नाही.
खसखशीचं यंत्र तिचंच चाललं. माझं माळ्यावर.

आणि मीठ.
आमच्यात ‘शो’, तिच्यात ‘सोल्य’.
चाळीस वर्षांनी आम्ही दोघंही जे म्हणत होतो
ते कुठल्याच शब्दकोशात नव्हतं,
आणि मीठ मिळत होतं.

पान पाच : बीजाणू धरतात, रुजत नाहीत. वांझ.
त्या शब्दाशी एमोके फोनवर अडखळली.
गावात कुणीतरी आमचं सांगितलं असणार.
मी म्हटलं, खेचराला कुणी बाळंतपण विचारत नाही,
ओझं किती नेतं ते विचारतात.
हसली. मग घाईघाईनं म्हणाली, पण ते अंकुरतं, काका,
पेशीला फुगवटा येतो, तो सुटतो,
सुटलेलीही तीच. संपत नाही म्हणा ना.

मी नाही म्हटलं.
युस्तीनाला जाऊन तीन हिवाळे झाले.
तिचा कुठे फुगवटा आला नाही.
आहे ती एक किसणी,
आणि तीही चीज नीट किसत नाही.

सातव्या पानावर दोन रिकाम्या चौकटी :
वाणाचं नाव. मालकाचं नाव.
मालक!
भिंतीवरची काळी बुरशी वाइनची नुसती वाफ पिऊन जगते,
विचारा तिला मालक कोण.
वाणापुढे ‘नववं’ लिहिलं.
मालकापुढे रेघ.

काल संध्याकाळी मेणबत्ती घेऊन उतरलो.
बाहेर उणे अकरा.
पिंपाला कान लावला.
बोलणं चालू होतं,
कुठल्या भाषेत ते लाकडातून कळेना.

वर येऊन बटाटे उकडले.
सवयीनं, मोठ्यानं, मीठ मागितलं,
मग स्वतःच उठलो.