फर्मा

प्रश्न क्रमांक एकोणीस:
पिण्याच्या पाण्याचा स्रोत सुधारित आहे का?
हो / नाही.

विडी घरकुलात, दुपारी सव्वादोनला,
डोक्यावरचा पत्रा तापून टकटक वाजत असताना
अंबव्वा यल्दी सुपातून नजर न काढता म्हणाली,
"नळ हाय की."
मी 'हो'वर बोट ठेवलं.
हिरवी खूण उमटली.

नळ आहेच. पाचव्या दिवशी येतो,
कधी सहाव्या, कधी रात्री दीडला,
मग अख्खी गल्ली अंथरुणातून उठते,
घागरी, टिपाड, कुकर, धाकटीची शाळेची बाटलीसुद्धा
रांगेत लागते.
'कितव्या दिवशी' असा रकाना
टॅबमध्ये नव्हता.
मी शेऱ्यात लिहिलं.

प्रश्न बावीस: स्वयंपाकाचं इंधन.
सिलिंडर कोपऱ्यात होता,
त्यावर घडी घातलेली चादर, चादरीवर दप्तर.
मी 'स्वच्छ' दाबलं.

तिच्या हातात लोखंडी फर्मा,
बोटाएवढा, कडा झिजून चकचकीत झालेला.
भिजवलेल्या पानावर तो ठेवायचा
आणि कात्री भोवतीनं फिरवायची.
एका पानाची शीर जाड,
एकाला किडीनं खिडकी पाडलेली,
एक कुठल्या रानातल्या उन्हाचं,
एक सावलीत वाढलेलं, लांबोडकं.
फर्म्याला त्याचं काय.
मांडीवर कातरणाचा ढीग वाढत होता,
विडीपेक्षा तोच जास्त.

"ह्याचं काय करता?"
"चुलीत घालतो की. भाकरी त्याच्यावरच होत्यात."
मी बाविसाव्या प्रश्नाकडे पाहिलं.
तो पुढे सरकून गेला होता.

मग तिनंच विचारलं, हे लिहून नेता कुठं?
म्हटलं, देशांचे नंबर लावतात, अंबव्वा.
भूक, शाळा, हवा, नद्या, बायकांची मजुरी,
सगळ्याला शंभरपैकी गुण आणि शेवटी सरासरी.
"पयला कोन?"
"वर उत्तरेला, एक थंडीचा देश."
"तितं पानी कितव्या दिवशी येतं?"

मी टॅबमध्ये शोधलं.
खरंच शोधलं.

तिचा व्यंकटेश अक्कलकोट रोडला टॉवेलच्या खात्यात आहे.
माल तिकडंच जातो म्हणाली, थंडीच्या देशात.
कारखान्यामागचा नाला
मंगळवारी हिरवा असतो, शुक्रवारी जांभळा;
पोरं नाला बघून सांगतात
आज कुठली ऑर्डर चालू आहे.
टॉवेल तिथं पोचतो तेव्हा रंग सोडत नाही.
सोडायचा तो इथंच सोडून गेलेला असतो.
नदीचे गुण त्यांना पैकीच्या पैकी.
नाल्याचे आपले कापलेत,
आणि ते बरोबरच आहे, नाला आपलाच आहे,
पण ते टॉवेलनं तोंड पुसतात तेव्हा
ते कोणाच्या खात्यावर पुसतात
हे मला अजून नीट मांडता येत नाही.

संध्याकाळी तिच्याबरोबर ब्रँचपर्यंत गेले.
चेकरनं बंडलं उलटीपालटी केली,
चिमटीत दाबून दाबून पाहिली.
"हजारात साठ छाट."
साठ बाजूला फेकल्या. परत दिल्या नाहीत.
साठ नव्या करून आणायच्या, पान घरचं.
अंबव्वा काही बोलली नाही,
फक्त रिकामी पिशवी दोनदा झटकली.

घरी आले तर सुपरवायझरचा निरोप:
अकरा फॉर्म परत.
उत्तर विसंगत. स्रोत 'सुधारित', शेऱ्यात 'पाचवा दिवस'.
शेरा काढून पुन्हा पाठवा.

मी काढला.
अकराही फॉर्म हिरवे झाले.

मग मोरीत जाऊन टिपाडावर बोटानं वाजवून पाहिलं,
वरपासून खाली, जिथं आवाज बदलतो तिथपर्यंत.
खूप खाली बदलला.
आज चौथा दिवस.