तिसऱ्या रांगेतला बाक

सकाळी बाक माझा, दुपारी तिचा.
नेरेत्वाकाठची एकच इमारत, दोन शाळांच्या पाट्या,
दोन दारं, दोन हेडमास्तर,
इतिहासाची दोन पुस्तकं
(लढाई तीच, पळालेले वेगळे)
आणि एक ते दीड, मधल्या रिकाम्या वेळात
फरशी पुसणारी स्लावोइका,
तेवढी एकच, दोन्ही शाळांची.

मार्चमधल्या एका मंगळवारी
खणात मी सफरचंद विसरले.
बुधवारी तिथे चौकटीच्या वहीचा कागद:
"तोफ उडाली तेव्हा भूगोल चालू होता.
सरांनी पाच मिनिटं दिली.
रोजा सोडायला माझ्याकडे नुसतं पाणी होतं.
तुझं सफरचंद खाल्लं. विचारायला तू नव्हतीस.
बेल्किसा."

तीन वर्षं मी या बाकावर बसते.
कडेला कोरलेलं 'बी' हे अक्षर
कुणाचं, असं कधी मनातही आलं नव्हतं.

गुरुवारी पुन्हा विसरले, मुद्दाम.
आईच्या हातची अक्रोडाची वडी.
चिठ्ठी आली: "यात डुकराची चरबी नाही ना?"
घरी विचारलं. होती.
आई म्हणाली, तुला का गं पंचायती?
तेव्हापासून नुसते अक्रोड, कवचासकट.
तिच्याकडून रुमालात अर्धा सोमुन यायचा,
सकाळपर्यंत वाळून खडखडीत,
वर कलौंजीचे दाणे.
पहिल्या तासाला मी तो गालात धरून भिजवायची
आणि हजेरीला "हजर" ऐवजी नुसती मान हलवायची.

मग शुक्रवारी तिने बोलावलं.
कुठे? तर स्लावोइकाच्या खोलीत,
बादल्या, फिनेल, मोडके नकाशे,
साऱ्या शाळेत पाटी नसलेली ती एकच खोली.
आम्ही सातजण.
बेल्किसा मला वाटली होती त्याहून बुटकी,
आणि बोलताना खूप हात हलवणारी.
मधोमध तिच्या आईने पाठवलेलं पातेलं.
मी हळूच म्हणाले, आज शुक्रवार,
ईस्टरआधीचे आमचे चाळीस दिवस चालू आहेत,
मला मांस...
"घेवड्याचं सूप आहे," ती म्हणाली.
"आईनेच सांगितलं, पाहुणी कॅथलिक ना, मग आज मांस नको."
युद्धाआधी त्यांच्या भिंतीला लागून
कुणी आमच्यातलं राहत होतं.
भिंत गेली, ती माणसंही गेली.
आमचे शुक्रवार मात्र तिच्या आईला अजून पाठ होते.

तोफेला चार मिनिटं होती.
ओग्न्येन, जो दोन्ही पाट्यांत बसत नाही,
ज्याचा उपास नव्हता, रोजा नव्हता, काहीच नव्हतं,
त्यानेच चमचा आधी उचलला.
स्लावोइकाने हातावर चापटी मारली.
मग त्या चार मिनिटांत आम्ही भांडलो,
पावाला 'क्रुह' म्हणायचं की 'ह्ल्येब'.
तोफ उडाली, तेव्हा खिडकीची काच थरथरली
आणि तोंडं भरल्यामुळे
भाषेचा प्रश्न तिथेच राहिला.

सोमवारी माझ्या खणात
तिचं इतिहासाचं पुस्तक होतं.
एकशे बाराव्या पानात खूण म्हणून
सोमुनचा पापुद्रा.
त्या पानावर माझ्या आजोळचं नाव होतं.
मी वाचलं. मधली सुट्टी होऊन गेली तरी वाचत होते.
मग माझं पुस्तक काढलं,
तीच लढाई, तेच साल शोधलं,
तिच्या गावाबद्दल तिथे अडीच ओळी.
तेवढं पान उघडं ठेवून निघाले.

तिने अजून काही लिहिलेलं नाही.
दोन्ही पुस्तकं खणात एकमेकांवर पडली आहेत.
उद्या बायराम. ती शाळेत येणार नाही,
आणि आली तरी
आता संध्याकाळपर्यंत उपाशी असणार नाही.
तरी एक सफरचंद ठेवलंय.
या वेळी चिठ्ठीसकट.