शेवटचा रकाना

उदगीरला नळेगाव रोडवर पत्र्याची खोली,
खाली खताचं दुकान, म्हणून वर युरियाचा वास,
तिथं संध्याकाळी सात ते आठ मी इंग्रजी शिकवतो.
फळ्यावर लिहिलं लुक, त्यापुढं आफ्टर.
लुक म्हणजे बघणे. आफ्टर म्हणजे नंतर.
मागच्या बाकावरून मैनोद्दीन ओरडला, 'नंतर बघू!'
मी म्हटलं, उलट आहे रे,
लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे, काळजी घेणे.
'मग तहसीलवाले काळजीच घ्यायलेत की सर,
आपलाच समजण्यात घोळ.'

दर मंगळवारी अशी दहा जोडक्रियापदं.
मी बजावतो: शब्द सुटे करू नका,
सुटे केले की भलतंच बोलतात.
पास आऊट: आपल्याकडं पदवी घेतली की होतात,
तिकडं चक्कर येऊन पडले की.
प्रेरणा विचारते, 'दोन्ही एकाच दिवशी झालं तर?'
तिचं झालं होतं. बी.एस्सी.च्या निकालाला,
गुरुवारी, उपाशीपोटी.

सत्त्वशीलाबाई बिरादार बोलत नाहीत.
तहसीलसमोर त्यांचं झेरॉक्सचं दुकान.
वीस वर्षं इंग्रजी कागदांच्या प्रती काढतात,
सरळ की उलटा एवढं कळतं, तेही शिक्क्यावरून.
पहिल्या दिवशी फी दिली, सगळी नाण्यांत,
अन् म्हणाल्या, 'कागद गरम असतो तवर माझ्या हातात असतो.
तेवढ्यात वाचता यावा.'

त्या मंगळवारी फळ्यावर पुट अप विथ होतं.
एका अर्थाला तीन शब्द, पोरं कुरकुरली.
मी सांगणार, तेवढ्यात बाई बोलल्या:
'पुट, ठेवलं. अप, वर. विथ, सोबत.
म्हणजे माळ्यावर ठेवून दिलेलं
अन् तरी घरात सोबत असलेलं.
खाली काढता येत नाही, फेकता बी येत नाही.
सवतीची ट्रंक असती तशी.'

मैनोद्दीनसुद्धा हसला नाही.
माझ्या वहीत अर्थ होता, सहन करणे.
तो मी फळ्यावर लिहिला नाही.

तिथून पुढं त्या बोलायला लागल्या.
'इंग्रजांना म्हणावं, आमचं लागणे शिका.
भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो,
नंबर लागतो, दार लागतं, लेकराला जीव लागतो,
चिंच आंबट लागते,
अन् समोरची बाई माझी चुलतसासू लागते.
एवढ्याशा शब्दाला किती कामाला लावलंय!'
मी म्हटलं, याला नियम नसतो बाई, सवय लागते.
'बघा,' त्या म्हणाल्या, 'लागलीच.'

चाचणीच्या आदल्या दिवशी
माझ्या यादीच्या तीस प्रती काढून आणल्या,
पैसे घेतले नाहीत. कागद अजून कोमट.
अर्थाचा शेवटचा रकाना मी रिकामा सोडला होता.
एका प्रतीत तो निळ्या पेनानं भरलेला,
अक्षर शिक्क्यासारखं, दाबून उमटवलेलं.
तीन चुका. टर्न डाऊनपुढं 'खाली वळणे',
ती तर माझ्या हातूनही झालेली आहे.

गिव्ह अपपुढं लिहिलेलं: सोडून देणे.
बरोबर. मी खूण केली.
त्याखाली बारीक अक्षरात आणखी:
'त्यांच्यात बी देणेच आहे, आपल्यात बी देणेच.
सोडलं ते कळलं. दिलं कुणाला?'

राज्यसेवेचा माझा शेवटचा प्रयत्न चौथा.
रद्दीवाल्यानं पुस्तकं काट्यावर घातली,
सव्वीस किलो म्हणाला.
घरी मोजली तेव्हा एकोणतीस भरली होती.
मी काही बोललो नव्हतो.

त्या ओळीपुढं बरोबरची खूण करावी की फुली,
ठरेना.
खाली खताच्या दुकानाचं शटर लागलं.