पाण्यात पाहणे

पहिल्या महिन्यात डेल्मर ह्रुस्का मला पाण्यात पाहत असे.
तोंडावर कधी म्हणाला नाही तसं.
पण त्याच्या खांद्याला मी मोजपट्टी लावली
की मान भिंतीवरच्या घड्याळाकडे.
एक्केचाळीस अंश, मी म्हणायचे.
मागच्या मंगळवारीही एक्केचाळीस.

वादळानंतर रॉकपोर्टच्या तारा जोडताना
छत्तीस फुटांवरून खाली आलेला माणूस.
खांबांवर बावीस वर्षं, आता मांडीत सळई.
मी सहा इंचांची लाकडी पायरी ठेवली त्याच्यापुढे,
तर विहीर ठेवल्यासारखा बघत राहिला तिच्याकडे.
मी गळ घातली. उद्या, म्हणाला.
उद्याही घातली.
बार्शीच्या मुलीला ती गळ तेवढी ठाऊक.
तो गळ, आकड्याचा, फार नंतर आला.

एका दुपारी गरम शेकाखाली कुशीवर पडून
डाव्या हाताने कसलीशी कार्डं उलटत होता.
विचार मला, म्हणाला.
मी वाचलं: रात्री समोरून लाल आणि हिरवा, दोन्ही दिवे दिसले तर?
‘तर ती बोट सरळ माझ्यावर येतेय.’
मग?
‘उजवीकडे वळायचं.’
आणि वळून दाखवायला गेला.
शेक घसरला, कळ निघाली,
एक सणसणीत शिवी, आणि मग हसला.
सप्टेंबरपासून पहिल्यांदा.

कंपनीने टेबल देऊ केलं होतं. हेडसेट, फिरती खुर्ची,
पेन्शनला सात वर्षं.
मासे दर पंधरवड्याला चेक लिहीत नाहीत,
लोरीन म्हणाली,
आणि आपणच जाऊन ट्रक विकून आली.

आज मी त्याचं अकरावं गिऱ्हाईक.
पैसे दोनदा नको म्हणाला, तिसऱ्यांदा घेतले.
थंडीचा पहिला उत्तरवारा येऊन गेलाय,
खाडी गुडघाभर, तळाचं गवत दिसतंय.
इंजिन बंद.
त्याच्या हातात पुन्हा एक खांब, एकवीस फुटी,
फक्त हा तळात रोवायचा आणि आपण वर राहायचं.
वर म्हणजे इंजिनावरचं मचाण. छातीइतकं. पायऱ्या दोन.
मी पाठ वळवली. मुद्दाम.
पेलिकन मोजले, सहा.
बराच वेळ काही नाही.
मग बोट मागून जराशी दबली.

खांब रेटताना खांदा किती वर जातो
ते मी अजिबात मोजलं नाही.
(एकशे बारा.)

‘मिस मरून, अकरा वाजता, चाळीस फूट!’
मृण्मयी त्याच्या जिभेवर कधी चढलीच नाही.
मी मनगटाकडे पाहिलं. साडेसात झाले होते.
वरून खोकल्यासारखं हसू.
‘बोटीचं नाक म्हणजे बारा. त्याच्या डावीकडे.’
डावीकडे चकाकी, गवत, माझ्याच टोपीची सावली.
नाही दिसत, म्हटलं.
‘पाण्यावर बघतेस. पाण्यात बघ.’
नाही.
‘अजून एकदा.’
आवाज अगदी माझा. दवाखान्यातला.

आणि मग पाण्याबाहेर एक शेपटी,
घासलेल्या तांब्याची,
तिच्यावर गोल काळा ठिपका, कुणी तीट लावावी तसा.
रेडफिश, तो कुजबुजला.
मी आपली विचार करतेय, याची दृष्ट कोण काढतं?
मीठ हवं तेवढं आहे इथे. मोहऱ्यांचं काय?
तेवढ्यात टाक, टाक, म्हणाला,
आणि मी टाकलेला गळ
बोटीच्याच दोराला जाऊन अडकला.

मासा गेला. चिखलाचा एक ढग उरला.
डेल्मर गळ सोडवायला खाली आला, घाईने, बडबडत,
लोरीनपेक्षा वाईट फेकतेस म्हणत.
उतरताना दुखरा पाय आधी,
हे मी त्याला शंभरदा तरी सांगितलं असेल.
चांगला टाकला.
मी काही बोलले नाही.